लांडोर नाव कुणी ठेवत नाही

आमच्या घराण्यात पाखरं भरपूर. आज्जी मैना, तिची धाकटी बहीण कोकिळा, मोहोळकडचे एक पोपटमामा, आणि वडलांच्या एका चुलतीला सगळी गल्ली चिमणाबाईच म्हणायची, तिचं खरं नाव काय होतं ते तिच्या रेशनकार्डालाच माहीत असेल. ह्यांची नावं ठेवताना कुणी लिस्टा काढल्या नव्हत्या. पोरगी झाली, नाकीडोळी नीटस दिसली, ठेवलं मैना, वाटल्या घुगऱ्या, विषय संपला.

आता धाकट्या भावाला मुलगी झाली आणि मी आत्या झाले. आत्या झालं की बारशाला पाळण्याजवळ बसून बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगायचा मान मिळतो आणि वर पाठीत धपाटेही मिळतात. मान आत्याचा असला तरी नाव ठरवायला आत्याला कुणी विचारत नाही हा भाग वेगळा. पण मी विचारायची वाट बघत बसणारी नाही. रविवारी सकाळी दुर्बीण घेऊन सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तलावावर जायचं खूळ मला बऱ्याच वर्षांपासून आहे, त्यामुळं मी ग्रुपवर टाकून दिलं की घराण्याची रीत आहे, पोरीचं नाव पाखराचंच ठेवायचं. भावजयीनं लगेच अंगठा दाखवला. तिला वाटलं मी पाखी वगैरे काहीतरी म्हणतेय.

गुरुजींनी पत्रिका करून सांगितलं, रेवती नक्षत्र, तिसरं चरण, अक्षर 'चा'. झालं. 'चा' वरनं पाखरू शोधा. चातक आहे, पण तो पोराचा वाटतो. चाष आहे, म्हणजे आपला नीलपंख, विजेच्या तारेवर गप बसलेला मातकट पक्षी, उडाला की पंखातली निळाई अशी उघडते की गाडी चालवणारा माणूस ब्रेक दाबतो. दसऱ्याला दिसला तर शुभ मानतात. गंमत म्हणजे कर्नाटकाचा राज्यपक्षी हाच आणि तेलंगणाचाही हाच, आणि सोलापुरात कन्नड आणि तेलुगू घरं किती आहेत ते सांगायला नको, म्हणजे हा पक्षी आमच्या गावाला दोन्ही बाजूनं पाहुणा लागतो. तरी चाष म्हटल्यावर भावाचं पहिलं वाक्य, "ताई, शाळेत चष्मा म्हणून चिडवतील की गं."

मग भावजयीनं नेटवरच्या लिस्टा काढल्या. मी त्या रात्री उशिरापर्यंत वाचल्या आणि चिडले. विहंग आणि विहान शेजारी शेजारी आणि दोन्हीच्या पुढं अर्थ 'पक्षी'. अरे विहान म्हणजे पहाट! सारंगच्या पुढं नुसतं 'मोर' लिहून मोकळे, आता सारंग म्हणजे मोरही होतो, हरीणही होतं, चातकही होतो, भुंगाही होतो, आणि एक राग आहे तो वेगळाच. पण लिस्ट करणाऱ्याला काय, त्याला शंभर नावं भरायची असतात.

बरं, लिस्टा सोडा, आपलीही पद्धत बघण्यासारखी आहे. मुलगी झाली की मयुरी, का तर मोरासारखी नाचेल. नाचतो कोण? मोर. पिसारा कुणाला? मोराला. मादी बिचारी करड्या रंगाची, आखूड शेपटीची, पिलं मागं घेऊन शेताच्या बांधानं दाणे टिपत फिरते, तिला मराठीत लांडोर म्हणतात आणि लांडोर हे नाव आजवर एकाही बापानं मुलीला ठेवलेलं मी ऐकलेलं नाही. कोकिळेचं तेच. चैत्रात जो जीव तोडून कुहूकुहू करतो तो काळाकुळकुळीत नर, कोकीळ. कोकिळा म्हणजे मादी, ती ठिपक्याठिपक्यांची, तिचा आवाज नुसता किक् किक् किक्, आणि तिचं सगळं लक्ष कावळ्याच्या घरट्यात अंडं कसं सरकवायचं ह्यावर. आमच्या कोकिळामावशीनं हयातीत एक गाणं म्हटलं नाही, पण शेजारणीच्या घरात स्वतःची तीन पोरं सोडून दिवसभर गप्पा मारत बसायची, म्हणजे नाव तसं बरोबरच ठेवलं होतं म्हणायचं.

चातकाचीही तीच तऱ्हा. कवींनी त्याला चोच आभाळाकडं करून पावसाच्या थेंबासाठी तहानलेला बसवलाय, आणि खरा चातक आफ्रिकेकडून मान्सूनच्या आगेमागे येतो, दिसायला देखणा, काळापांढरा, डोक्यावर तुरा, आणि येऊन करतो काय तर सातभाईच्या घरट्यात अंडी घालतो. सातभाई बिचारे खपतात, हा निघून जातो. चकोर तर महाराष्ट्रात नाहीच. तो हिमालयाकडचा, तितराच्या जातीतला डोंगरी पक्षी. चांदणं पिऊन कुणी जगत नसतं, तो बिया आणि किडे खातो. तरी आपल्याकडं चकोर नावाची पोरं आहेत. त्यांचं वाईट म्हणत नाही, नाव गोड आहे, पण गोड लागतंय ते कवितेतनं आलंय, पाखराकडनं नाही.

हे सगळं डोक्यात चालू असताना मला एक जाणवलं आणि मग ते सुटेचना. आपण पोरांना ज्या पाखरांची नावं दिली ती बहुतेक कधी न बघितलेली, आणि जी रोज अंगणात येतात त्यांना मात्र आपण धंद्याला लावलंय. बघा ना. तांबट, शिंपी, सुतार, परीट, खाटीक, कोतवाल. अख्खा गाव बसवलाय पाखरांचा, बलुतेदारांसकट. आणि ही नावं कुणी पुस्तकात बसून दिलेली नाहीत. तांबट उन्हाळ्यात भर दुपारी, आमच्याकडं पारा चव्वेचाळीसला टेकतो तेव्हाही, वडाच्या शेंड्यावर बसून टुक टुक टुक करत राहतो, भांड्याला ठोके पडल्यासारखा, दिसत नाही पण थांबतही नाही. परीट पाण्याच्या कडंला शेपूट वरखाली आपटत चालतो. खाटीक टोळ, सरडा जे मिळेल ते बाभळीच्या काट्याला टोचून ठेवतो, सावकाश खातो. कोतवाल तर बघण्यासारखा, एवढासा जीव पण घारीच्या, कावळ्याच्या पाठीवर बसून टोचा मारतो, आणि म्हणून बाकीची भित्री पाखरं मुद्दाम त्याच्या झाडाच्या आसऱ्यानं घरटी करतात. ज्यानं हे नाव दिलं त्यानं ते झाड बराच वेळ बघितलेलं असणार.

शिंप्याचं तर मी माझ्या डोळ्यानं बघितलंय. माझं सासर पूर्व भागात, चहूकडं यंत्रमाग, सकाळपासनं खटखट चालू, टॉवेलच्या कारखान्यातनं सुताचं फुसकं उडून आमच्या अंगणापर्यंत येतं, वाळत घातलेल्या कपड्यांना चिकटतं, पापडांनाही चिकटतं, सासूबाई त्याच्या नावानं रोज खडे फोडायच्या. तिथं एका कुंडीत वांग्याचं रोप होतं. एके दिवशी पाणी घालताना एक पान उभं दुमडल्यासारखं दिसलं. जवळ जाऊन बघितलं तर पानाच्या दोन्ही कडांना बारीक बारीक भोकं, सुईनं पाडल्यागत, आणि त्या भोकांतनं पांढरं सूत ओवून दोन्ही कडा एकमेकींना जोडलेल्या. बाहेरच्या बाजूनं प्रत्येक भोकाशी सुताचा बारीक गोंडा, तोच अडकून राहतो म्हणून टाका निसटत नाही, गाठबिठ काही नाही. सूत आमच्याच गल्लीतलं, टॉवेलचं. आत कापूस, आणि कापसात तांबूस ठिपक्यांची अंडी. मी सासूबाईंना हाक मारली. त्यांचा जन्म मागाच्या खड्ड्याशेजारी गेलेला, त्यांनी चष्मा वर करून नीट बघितलं आणि म्हणाल्या, "टाका सैल हाय, पण काम हाय." त्या कुंडीला मग पिलं उडून जाईपर्यंत कुणी हात लावला नाही, पाणी सुद्धा मी वाटीनं घालायची. आता सांगा, एवढा कारागीर पक्षी, पण शिंपी हे कुणाच्या पोराचं पाळण्यातलं नाव नाही. आडनाव आहे. तांबट आडनाव आहे, कोतवाल आहे, सुतार आहे.

आडनावांत तर आपल्याकडं काहीही चालतं. मोरे, गरुड, राजहंस, ससाणे, कावळे, पारवे, होले, घुबडे. बालगंधर्वांचं खरं आडनाव राजहंस, नारायण श्रीपाद राजहंस, ते शोभलं पण. घुबडे आडनावाच्या माणसाला आपण साहेब म्हणतो, चहा पाजतो, पण पोराचं नाव घुबड म्हटलं की आज्जीच्या अंगावर काटा.

पोपटाचं मात्र वाईट वाटतं. एका काळी आपल्या भागात पोपट हे चांगलं दणदणीत नाव होतं, पोपटराव म्हणजे फेटा बांधलेला माणूस डोळ्यासमोर यायचा. हिवरेबाजारच्या पोपटराव पवारांनी तर गावाचं पाणी अडवून दाखवलं, २०२० मध्ये पद्मश्री मिळाली. पण मधेच कॉलेजच्या पोरांनी 'पोपट झाला' सुरू केलं आणि ते नाव पाळण्यातनं उठलं ते उठलंच. आमच्या पोपटमामांच्या नातवानं लग्नपत्रिकेत आजोबांचं नाव पी. के. असं छापलं. मामांनी ती पत्रिका उलटीसुलटी करून बघितली आणि विचारलं, "ह्यो पीके कोण बे?"

रोहितचं उलट झालंय. रोहित नावाची पोरं पायलीला पन्नास, पण रोहित हे पाखरू आहे हे त्यातल्या फार थोड्यांना माहीत. रोहित म्हणजे फ्लेमिंगो, अग्निपंख. हिवाळ्यात हिप्परग्याला येतात, उजनीच्या पाणफुगवट्यावर तर भरपूर. पाय हलवून चिखल ढवळायचा, मान उलटी करून चोच पाण्यात फिरवायची आणि बारीक शेवाळं, किडे गाळून खायचे, त्या खाण्यातनंच त्यांना गुलाबी रंग येतो. पिल्लू गुलाबी नसतं, करडं असतं, रंग यायला काही वर्षं जातात. माझ्या ऑफिसात एक रोहित आहे, त्याला एकदा तलावावर घेऊन गेले, दुर्बिणीतनं दाखवलं, म्हटलं हे बघ तुझे भाऊबंद. त्यानं फोटो काढून स्टेटसला ठेवला आणि पुढच्या रविवारी स्वतःच गाडी घेऊन आला.

आणि मग माळढोक. सोलापूरच्या पाखरांबद्दल लिहायचं आणि माळढोक टाळायचा असं जमणार नाही. नान्नजला आम्ही लहानपणी वडलांच्या स्कूटरवरनं गेलेलो. गवताळ माळ, काळवीटं उड्या मारत लांब चाललेली, आणि मग वडलांनी खांदा दाबून बोटानं दाखवलं. गवताच्या वर फक्त एक मान, पांढरट, डोक्यावर काळी टोपी. पहिल्यांदा मला तो खांब वाटला. खांबानं मान वळवली. नर मीटरभर उंच होतो, पंधरा किलोपर्यंत भरतो, उडणाऱ्या पक्ष्यांत असला वजनदार गडी विरळाच. विणीच्या दिवसांत गळ्याची पिशवी फुगवून लोंबती सोडतो आणि हूम्म असा घुमतो, म्हणून काही ठिकाणी त्याचं नावच हूम. मादी उघड्या जमिनीवर घालते एकच अंडं. कुत्रं आलं, गुरं आली, की ते वर्ष गेलं.

ह्या पक्ष्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालं, तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर, त्यात माळ होता तशी गावं आली, शहरं आली, लोकांची पिकती रानं आली. जमीन विकायची तर माळढोक, बांधकाम करायचं तर माळढोक. शेतकऱ्यांच्या तोंडी तो पक्षी राहिलाच नाही, सातबाऱ्यावरची अडचण झाला. पुढं क्षेत्र कमी करून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं, तोवर पाखरू पण संपत आलं होतं. विजेच्या तारांनी सगळीकडंच त्याचा घात केला, समोरचं त्याला नीट दिसत नाही, नजर बाजूला, आणि अंग एवढं जड की ऐनवेळी वळताही येत नाही. आता सगळ्या देशात रानात मोकळे म्हणून दीडशेच्या आसपास, तेही बहुतेक राजस्थानात, तिथं त्याला गोडावण म्हणतात आणि तो त्यांचा राज्यपक्षी आहे. आपला राज्यपक्षी हरियाल, ते एक नाव खरं तर पोराला झकास शोभेल, पण तेही कुणी ठेवत नाही.

माळढोक हे नाव पोराला ठेवा असं मी म्हणत नाही, मला अक्कल आहे. पण ढोक आडनावाचे लोक आहेत, हंसराज आहेत, गरुड आहेत, आणि जो पक्षी जगात जाईल तिथं सोलापूरचं नाव सांगत होता त्याच्या नावाचा इथं साधा टोपणनावापुरताही कुणी माणूस नाही, हे मला खटकतं.

पाखरांच्या नावांचा सगळ्यात मोठा सावकार आमच्याच गावचा होता हे पण सांगायलाच पाहिजे. मारुती चितमपल्ली. १९३२ मध्ये सोलापुरात जन्मले, घरची भाषा तेलुगू, नोकरी वनखात्यात, आणि आयुष्यभर जंगलातल्या माणसांना विचारत फिरले की ह्याला तुम्ही काय म्हणता, त्याला काय म्हणता. कावळ्यांच्या वसाहतीला काकागार, बगळ्यांच्या वसाहतीला सारंगागार, असले शब्द त्यांनी मराठीला दिले. २००६ चं साहित्य संमेलन सोलापुरातच झालं, अध्यक्ष तेच. २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जूनला सोलापुरातच गेले. घरात तेलुगू बोलणाऱ्या माणसानं मराठी पाखरांची नावं गोळा केली ह्याचं बाहेरच्यांना आश्चर्य वाटतं, सोलापूरकराला वाटत नाही, इथं सकाळी दूधवाल्याशी कन्नड, भाजीवालीशी मराठी आणि शेजारणीशी तेलुगू असंच चालतं.

बारशाच्या आदल्या आठवड्यात तर घरात तिन्ही चारी भाषांचं कवित्व चालू होतं. भावजयीची आई अक्कलकोटकडची, घरी कन्नड, ती बाळाला उचलली की "गुब्बी, गुब्बी" करते, गुब्बी म्हणजे चिमणी. समोरच्या पद्मशाली आज्जी रामचिलका म्हणतात, तेलुगूत पोपट. मागच्या बोळातल्या शाहीनआपा आल्या, म्हणाल्या, "हमारे में तो आधे नाम परिंदों केच है," आणि खरंच आहे, शाहीन म्हणजे ससाणा, त्यांची बहीण हुमा, ज्याच्यावर तिची सावली पडली तो राजा होतो म्हणतात ते पाखरू, ते तर दुनियेत नाहीच. शाहीन मात्र आहे, बहिरी ससाण्याची आपल्याकडची जात, आपण त्याला मराठीत पण शाहीनच म्हणतो. शाहीनआपांना हे सांगितल्यावर त्यांनी "कित्ते तेज उडता?" विचारलं. त्या कुळातला ससाणा सूर मारतो तेव्हा ताशी तीनशे किलोमीटरच्या वर जातो. त्या दिवसापासनं त्यांचा नवरा उशिरा आला की त्याच्यावर ह्या आकड्याचा वापर होतो.

माझ्या बाजूनं मी सारिका सुचवलं, सारिका म्हणजे मैनाच. भावजय म्हणाली, "ताई, माझ्या वर्गात चार सारिका होत्या, आणि अक्षर पण बसंना." मी म्हटलं अक्षर सोडा. आई म्हणाली, अक्षर सोडायचं नाही. शेवटी चार्वी ठरलं, सुंदर असा अर्थ, पाखराचा काही संबंध नाही, आणि मी हरले असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं.

पाळण्यावर मात्र आमचंच राज्य होतं. आज्जीनं स्वतः चिमणाळं केलं. हल्ली बॅटरीवर फिरणारं, इंग्रजी गाणी म्हणणारं मिळतं, तसलं नाही. जुन्या इरकलीचे काठ, मखमलीचे तुकडे, आत कापूस दाबून भरलेला, चोचीला लाल दोरा, डोळ्याला काळा मणी. मधे एक मोठा राघू आणि भोवती टांगलेल्या बारक्या चिमण्या, प्रत्येकीच्या शेपटीला चादरीच्या दश्यांचा झुपका. एका चिमणीचं डोकं वाकडं शिवलं गेलं, मी म्हटलं उसवून देऊ का, तर म्हणाली, "असू दे, ती खाली बघती, लेकरू झोपलं का म्हणून." कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या करत पाळण्याखालनं वर झालं, मी कानात कुर्रर्र करून चार्वी सांगितलं, आणि नणदा-जावांनी माझ्या पाठीचं पिठलं केलं.

आणि त्याच रात्री पोरीनं जो सूर लावला. अकराला चालू, दोनला बंद, परत तीनला. टी-टी-टिव, टी-टी-टिव, अगदी त्याच पट्टीत. भाऊ चौथ्या रात्री डोळे चोळत बाहेर आला आणि म्हणाला, "ही चार्वी नाही गं, टिटवी आहे टिटवी." आज्जी खवळली. रात्री टिटवी ओरडली की वाईट बातमी येते, घरात ते नाव काढायचं नाही. मी भावाची बाजू घेतली, अर्थातच. टिटवी माळावर, उघड्या खड्यांत अंडी घालते, खड्यांच्याच रंगाची, पाऊल पडेपर्यंत दिसत नाहीत, आणि म्हैस चालत आली तरी ही वीतभर बाई पंख पसरून तिच्या तोंडासमोर उभी राहते. रात्री ओरडते ते कुत्रं नाहीतर कोल्हं आलेलं असतं म्हणून. वाईट बातमी ती आणत नाही, ती बाकीच्यांना जागं करते. आज्जी म्हणाली, "मग पोरीनं तेच केलंय की, समद्यास्नी जागं."

तेव्हापासनं घरात टिटवीच चालू आहे. महापालिकेच्या दाखल्यावर नाव चढवायला वर्षभर पैसे लागत नाहीत, पण भावजयीनं आठवड्यातच जाऊन चार्वी लिहून आणलं, आमच्यापैकी कुणीतरी मधेच काहीतरी भलतं लिहील ह्या धास्तीनं. भावाला मी बजावलंय की हाक घरातच ठेव, शाळेत कळलं तर पोरगी मोठी झाल्यावर तुझी खैर नाही. तो हो म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी ग्रुपचं नाव बदलून 'टिटवी मंडळ' केलं. त्यात शाहीनआपांनाही घेतलंय.